अरतीचं वजन

रिपोर्ट चांगला आला म्हणून रडणारी बाई मी एकटीच असेन, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न होऊन मुलगी पुण्याला गेली, मुलगा आधीच हैदराबादला होता. दिवाळी झाली, आलेली माणसं गेली, आणि माझं काहीतरी बिनसलं. ताप नाही, खोकला नाही, कुणाशी वाकडं नाही. सकाळी उठून दूध तापवत होते, बस्तीला जाऊन येत होते, सूर्य मावळायच्या आत दोघांची जेवणं उरकत होते. कामं सगळी होत होती. पण ओल्या गोधडीखाली निजल्यासारखं वाटायचं. दिवस वर येई, गोधडी काही अंगावरून निघत नसे. ह्यांनी डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, ईसीजी, सगळं झालं. डॉक्टरांनी कागद चाळले आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. वहिनींना म्हणावं, वाचन-लिखाण जरा बाजूला ठेवा, घरात मन रमवा." हे खूश. येताना वाटेत उतरून पाव किलो कुंदा घेतला. मी रिक्षात पदर तोंडाशी धरून रडत होते, आणि ह्यांना वाटलं, जीव भांड्यात पडला म्हणून रडते आहे.

हिमोग्लोबिन आठ निघालं असतं ना, तर घरात माझ्या दुखण्याला बसायला पाट मिळाला असता. जाऊबाई डाळिंबं सोलून घेऊन आल्या असत्या. आकडाच नाही म्हटल्यावर दुखणंही नाही.

बी. ए. ला माझा इतिहास होता. लिखाण बंद होतं, पण दुपारी दार लोटून वाचायला कोण येतंय बघायला? त्या हिवाळ्यात मी एकच गोष्ट शोधत राहिले. मनाच्या या जडपणाला आकडा लावायचा प्रयत्न कुणी केलाय का? केलाय की. एकानं नाही, अनेकांनी. काहींनी थट्टेत केला, काहींनी इतक्या गंभीरपणे की वाचताना अंगावर काटा यावा.

थट्टेपासून सुरुवात करते, कारण मलाही ती आधी सापडली. २३ एप्रिल १९४८ च्या 'स्पेक्टेटर' या लंडनच्या साप्ताहिकात पॉल जेनिंग्ज या तिशीच्या आतल्या लेखकाचा एक लेख आला. पॅरिसमध्ये त्या वेळी सार्त्रचं नाव गाजत होतं. त्याची 'नॉशिया' ही कादंबरी १९३८ ची, म्हणजे युद्धाच्या आधीची. पण युद्ध संपल्यावर अस्तित्ववाद कॉफीच्या टेबलापर्यंत आला आणि लंडनमधली शहाणी माणसंही चेहरे पाडून त्यावर बोलू लागली. जेनिंग्जनं सार्त्रच्या जागी व्हांत्र नावाचा एक तत्त्वज्ञ उभा केला. फ्रेंचमध्ये व्हांत्र म्हणजे पोट! या पोटोबांच्या पंथाचं नाव 'रेझिस्टेन्शिअलिझम'. शिकवण अशी की माणसाच्या सगळ्या उदासीचं कारण एकच, वस्तू आपल्यावर उलटलेल्या आहेत. आपण त्यांना वापरत नाही, त्या आपल्याला छळतात.

स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेल्या बाईला हे शिकवायला पॅरिसहून कुणी यायला नको. दहा मिनिटं समोर उभं राहा, दूध ढिम्म हलत नाही. दारावरची बेल वाजली आणि पाठ फिरवली की उतू जातं.

पण जेनिंग्ज तत्त्वज्ञानावर थांबला नाही. त्यानं त्याला शास्त्राचा झगा चढवला. केंब्रिजचा क्लार्क-ट्रिंबल नावाचा एक मानसशास्त्रज्ञ त्यानं रचला. हे गृहस्थ दिवसाची वेळ आणि माणसाचा चिडखोरपणा यांचा संबंध तपासत असतात. त्यांच्या ध्यानात येतं की सकाळी न्याहारीच्या टेबलावर माणूस जितका वैतागतो, तेवढा वैताग नुसत्या अपुऱ्या झोपेनं होणं शक्य नाही. पलीकडूनही काही जोर लागत असला पाहिजे. मग तो जोर मोजायचा. गालिच्यांचे चारशे तुकडे ओळीनं मांडले, काथ्याच्या जाड्याभरड्या चटईपासून चिनी रेशमाच्या अनमोल गालिच्यापर्यंत. प्रत्येकावर टोस्टचा तुकडा पाडायचा, वरून मार्मालेड, म्हणजे संत्र्याच्या सालीचा मुरंबा, लावलेला. टोस्ट वजन करून, माप घेऊन. निकाल असा की चटईवर टोस्ट दर वेळी सुलटा पडला, चिनी रेशमावर दर वेळी उपडा. मधल्या गालिच्यांवर किमतीच्या प्रमाणात. त्यातही एक बारकावा मला फार आवडला. चटई आणि बाकीचे गालिचे यांच्यामध्ये पडदा लावला, तर टोस्टाचा हा हिशेब बिघडायचा. जवळच याहून भारी गालिचे आहेत हे त्या टोस्टाला कळायचंच नाही ना!

मी हे वाचून बऱ्याच महिन्यांनी मोठ्यानं हसले. हे बाहेरच्या खोलीतून डोकावून गेले.

नंतर तारखेकडे लक्ष गेलं आणि हसू जरा वेगळं झालं. इंग्लंडमध्ये युद्ध चालू असताना पावावर रेशन नव्हतं. ते आलं युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये, आणि उठलं जुलै १९४८ मध्ये. मुरंब्यावरचं रेशन तर १९४८ च्या डिसेंबरपर्यंत होतं. म्हणजे हा लेख ज्यांनी वाचला त्यांच्या हातातला टोस्टही कुपनाचा आणि त्यावरचा मुरंबाही कुपनाचा. युद्ध जिंकलेलं आणि घरात पाव मोजून. चारशे टोस्ट मुरंबा लावून गालिच्यांवर पाडणारा संशोधक त्या वाचकांना काय वाटला असेल? आपल्याकडेही रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागणार नाही. जेनिंग्ज स्वतः सैन्यात राहून आलेला माणूस. सगळा देश थकलेला होता, आणि जिंकल्यावर थकलो म्हणायची सोय नसते. मग हा म्हणाला, तुम्ही थकलेले नाही, वस्तूच तुमच्यावर टपलेल्या आहेत, आणि हे बघा त्याचे आकडे.

गंमत पुढंच आहे. १९९५ मध्ये रॉबर्ट मॅथ्यूज या इंग्लिश माणसानं भौतिकशास्त्राच्या एका युरोपीय नियतकालिकात खरोखरच टोस्टावर निबंध लिहिला. टेबलाच्या उंचीवरून घसरलेला तुकडा जमिनीला लागेपर्यंत जेमतेम अर्धी गिरकी घेतो, म्हणून वरची बाजू खाली येते. लोण्याचा त्यात काही दोष नाही आणि गालिच्याचा तर नाहीच. त्याला १९९६ सालचं इग नोबेल मिळालं. पुढे २००१ मध्ये इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांनी ९,८२१ टोस्ट पाडले, त्यातले ६,१०१ लोण्याच्या बाजूवर पडले. म्हणजे वस्तू आपल्यावर टपलेल्या आहेत ही तक्रार शंभरात बासष्ट वेळा खरी. थट्टेचं असं शास्त्र झालं.

आता ज्यांनी हेच काम बिलकूल न हसता केलं, त्यांच्याकडे जाऊ.

पॅरिसमध्येच, जेनिंग्जच्या आधी पन्नास वर्षं, इपोलित बाराद्युक नावाचा डॉक्टर होता. काचेच्या घंटेखाली दोऱ्यानं टांगलेली सुई त्यानं घेतली. माणसानं हात जवळ आणला की सुई किती अंश जवळ येते किंवा दूर सरते ते लिहून ठेवायचं, आधी उजवा हात, मग डावा. त्यावरून त्या माणसातला प्राण कुठल्या दिशेनं वाहतो आहे, भरतो आहे की ओसरतो आहे, ते काढायचं. पुढे तो फोटोच्या काचांकडे वळला. मनःस्थितीचा ठसा काचेवर उमटतो, अशी त्याची खात्री होती. १८९६ च्या त्याच्या पुस्तकात एक फोटो आहे. एक लहान मुलगा, हातात नुकताच मारलेला तितरासारखा पक्षी, आणि त्या दोघांभोवती धुक्याचा पडदा वळलेला. बाराद्युकच्या मते ते मुलाचं दुःख होतं, काचेवर आलेलं. तो मुलगा त्याचाच, आंद्रे. उबदार हातानं काचेतली हवा हलते आणि सुईही हलते, काच धुताना डाग पडतात, हे सांगणारे तेव्हाही होते. पण तो फोटो बघताना मला ते आठवत नाही. पोराच्या तोंडावरचं दुःख उघड्या डोळ्यांना नीट दिसतंय. त्याच्याभोवती आणखी धुकं कशाला हवं होतं बापाला?

१९०७ मध्ये आंद्रे वारला, कोवळ्या वयात. काही महिन्यांनी आईही गेली. बाराद्युकनं दोघांचे मृत्यूनंतरचे फोटो काढले, आणि बायकोच्या फोटोत त्याला प्रकाशाचे गोळे दिसले. याच १९०७ मध्ये, तिकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या हॅव्हरहिल गावच्या डंकन मॅक्डुगल या डॉक्टरनं सहा मरणासन्न रुग्ण खाटेसकट तराजूवर ठेवल्याची हकिकत छापली. त्यातल्या एकाचं वजन शेवटच्या श्वासाला पाऊण औंस कमी झालं, आणि '२१ ग्रॅमचा आत्मा' जगभर झाला. उरलेल्या पाचांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, ते कुणी लक्षात ठेवले नाहीत. त्यानं पंधरा कुत्रेही तोलले. त्यांचं वजन घटलं नाही, म्हणून कुत्र्याला आत्मा नाही असा निष्कर्ष. हे वाचून आमच्या दारातल्या मोत्याकडे बघायची मला लाज वाटली.

पण सुया, काचा आणि तराजू यांनी कुणाचं फारसं बिघडवलं नाही. ज्यानं बायकांचं बिघडवलं तो हिशेब निराळा होता, आणि तो प्रतिष्ठित होता.

न्यूयॉर्कचा जॉर्ज बिअर्ड हा मज्जातंतूंचा डॉक्टर. त्यानं १८६९ मध्ये 'न्यूरॅस्थेनिया' हा शब्द चालवला. मन लागत नाही, झोप नाही, पाठ दुखते, कशातच राम वाटत नाही, हे सगळं त्यानं एका शब्दात बसवलं. त्याचं म्हणणं, प्रत्येकाच्या अंगात मज्जाशक्तीची ठराविक शिल्लक असते. कुणी त्यात लक्षाधीश, कुणी दिवाळखोर. १८८१ च्या पुस्तकात त्यानं एडिसनच्या दिव्यांचा दृष्टान्त दिला. यंत्राला झेपतील त्याहून जास्त दिवे जोडले की सगळेच मंद होतात. आधुनिक जगात हे दिवे वाढले, त्याची त्यानं पाच कारणं दिली. वाफेची शक्ती, वर्तमानपत्रं, तारयंत्र, विज्ञान, आणि पाचवं, बायकांचं डोकं चालवणं. आगगाडीच्या आणि तारयंत्राच्या पंगतीला आम्ही! मोजमाप एवढं पक्कं, पण ते कुठल्या यंत्रावर घेतलं म्हणून विचारलं तर यंत्र नाहीच. विजेची पेटी होती, ती उपचाराची. शिल्लक मोजणारं काहीच नव्हतं. शिल्लक संपली हे रुग्णाच्या तोंडाकडे बघून ठरायचं, आणि तोंडाकडे बघायचा डॉक्टर.

फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेलनं यावर इलाज काढला, विश्रांतीचा. सहा-आठ आठवडे अंथरुणात. घरच्यांची भेट नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही, शिवणटिपणही नाही. दुधावर दूध, मालीश, विजेचे हलके झटके. त्याच्या १८७७ च्या पुस्तकाचं नावच 'चरबी आणि रक्त'. बाई बरी झाली की नाही याचा त्याच्याकडे काटा होता, अगदी खराखुरा, वजनाचा. इतके पौंड वाढले म्हणजे इतकी सुधारणा. मला वाटतं, सगळ्या इतिहासात जिवाचा जडपणा कुणी खरोखर तोलला असेल तर यानं, आणि तो जडपणा वाढला की त्याला गुण आला म्हणायचा.

१८८७ मध्ये त्याच्याकडे एक सव्वीस वर्षांची बाई गेली. शार्लट पर्किन्स, नवऱ्याचं आडनाव स्टेटसन, पुढे गिलमन म्हणून ओळखली गेलेली. मुलगी झाल्यापासून दोन वर्षं ती उदासीत बुडाली होती. महिनाभर विश्रांती घेतल्यावर डॉक्टरनं तिला घरी पाठवलं. बजावून पाठवलं की होईल तितकं घरात रमायचं, बाळाला सतत जवळ ठेवायचं, बुद्धीचं काम दिवसाला दोन तासांवर नाही, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल जन्मात हातात धरायची नाही.

हे वाक्य वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. उठले, गच्चीवरचे कपडे काढून आणले, घड्या घातल्या. मग परत उघडलं. एकशेतीसहून जास्त वर्षं, सात समुद्र, आणि सल्ला तोच. आमच्या डॉक्टरांनी मिचेलचं नावही ऐकलं नसेल. अशा सल्ल्याला पुस्तक लागत नाही.

शार्लटनं तीन महिने इमानदारीनं पाळलं. वेड लागायची वेळ आली तेव्हा सोडलं. १८८८ मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली, पोरीला घेऊन कॅलिफोर्नियाला गेली, आणि लिहायला लागली. जानेवारी १८९२ मध्ये तिची 'पिवळा वॉलपेपर' ही गोष्ट छापून आली. डॉक्टर नवऱ्यानं विश्रांतीसाठी खोलीत ठेवलेल्या बाईला भिंतीवरच्या नक्षीत कोंडलेली दुसरी बाई दिसू लागते, ती गोष्ट. तिनं ती मिचेललाही पाठवली होती. त्यानं उत्तर दिलं नाही. पुढे १९१३ मध्ये तिनं लिहिलं की ही गोष्ट वाचून त्यानं आपला उपचार बदलल्याचं तिच्या कानावर आलं. अभ्यासकांना याचा पुरावा मिळालेला नाही. मला तो मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

इथवर आल्यावर मला आपल्या घरचंही बघावंसं वाटलं. श्वेतांबर आगमांत राजप्रश्नीय नावाचं सूत्र आहे. आमच्या दिगंबर घरात ते वाचलं जात नाही, मी ते उशिरा वाचलं. त्यात पएसी राजा केशी मुनींशी वाद घालतो की आत्मा वगैरे काही नाही. पुरावा? त्यानं एक चोर जिवंत असताना तोलला, अंगाला जखम न करता मारला, परत तोलला. वजन तेच! मॅक्डुगलच्या कितीतरी शतकं आधी हा तराजू आमच्या ग्रंथांत टांगलेला आहे, आणि निकाल बरोबर उलटा. केशी मुनी राजाला कातड्याच्या पिशवीचं उदाहरण देतात. हवा भरलेली तोला, रिकामी तोला, फरक पडतो का? मी हे मुलाला फोनवर सांगितलं. तो इंजिनिअर. म्हणाला, "आई, हवेत हवेचं वजन तसंही काट्यावर येत नाही गं, मुनींचं बरोबर आहे." त्या चोराबद्दल मात्र आम्ही दोघं काही बोललो नाही. सूत्रातही त्याला नाव नाही.

आणि मोजमापात आपण कुणाला हार जाणारे नाही. पर्युषणात आम्ही तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. आठव्या अध्यायात कर्माचे भेद येतात. मोहनीय कर्माच्या अठ्ठावीस भेदांत हास्य, रति, अरति, शोक अशी यादी आहे. अरति म्हणजे कशातच मन न रमणं. लहानपणापासून ऐकत आले, पण हा शब्द माझ्या कानाला त्या वर्षी पहिल्यांदा लागला. कर्म म्हणजे पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, जिवाला चिकटणारं. त्याची मुदत असते, तीव्रता असते, परिमाण असतं. मोहनीयाची जास्तीत जास्त मुदत सत्तर कोडाकोडी सागरोपम सांगितली आहे. हा आकडा बिअर्डच्या शिलकीसारखाच कुठल्या यंत्रावर दिसणार नाही, हे मी जाणून आहे, आणि हे आधुनिक विज्ञान आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मला एवढंच हायसं वाटलं की त्या यादीत माझ्या दुखण्याला नाव होतं. 'नॉर्मल' हे नाव नव्हतं. आणि दहाव्या अध्यायातला तो भोपळा. मातीचा लेप लागला की बुडतो, लेप सुटला की आपोआप वर येतो. भोपळा मुळात जड नसतोच.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे मला मुलीनं नेलं, उन्हाळ्यात. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि आधी मला विचारलं, "झोप कशी लागते?" मग बराच वेळ विचारत राहिल्या. गोळ्या दिल्या, त्या मी वर्षभर घेतल्या. लिहिता का, असंही त्यांनी विचारलं. हल्ली बंद आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "का हो?"

ह्यांना मी मॅथ्यूजची गोष्ट सांगितली होती. हे बँकेतून रिटायर झालेले, आकडा ऐकला की पडताळून बघणारे. एके दिवशी मी बस्तीहून आले तर स्वयंपाकघरात जुनं वर्तमानपत्र पसरून टोस्ट पाडत बसलेले. वीसपैकी तेरा लोण्यावर. मी ओरडले, अन्न आहे ते! मग सगळे गोळा करून गायीला घालून आले. संध्याकाळी मला म्हणाले, "तुझंही एकदा लिहून ठेवू या. दहापैकी किती जड वाटतं ते रोज सांग." मी म्हटलं, हे शास्त्र नव्हे. ते म्हणाले, "नसू दे की."

तेव्हापासून सकाळचा चहा झाला की विचारतात, "आज किती?" आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली पेन्सिलीनं आकडा लिहितात. पहिल्या महिन्यात आठ आणि नऊ आहेत. एकदा बारा आहे, त्यावरून आमचा वाद झाला होता. काल पाहुणे होते, विचारायचं राहिलं. रात्री दिवा घालवताना मीच म्हटलं, "तीन." हे उठले, चष्मा शोधला, आणि जाऊन लिहून आले.